अंगठ्याखालचे नाव

एका बाईला मी सांगितले होते, की तुमचे नाव मतदारयादीत नाही. ते नाव यादीत होते. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याखाली होते, आणि अंगठा उचलायला मला कोणी मनाई केलेली नव्हती. तीस वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. पत्नीला नाही, ज्या मित्रांबरोबर आयुष्यातल्या बाकी सगळ्या चुका हसत सांगितल्या त्यांनाही नाही. स्वतःशी बोलतानासुद्धा मी 'नाव सापडले नाही' असेच म्हणत आलो. न सापडण्यात कोणाचा फारसा दोष नसतो.

यंदा तो ऋतू पुन्हा आला. लोकसभेची निवडणूक आमच्या जबलपूरला बहुतेक वेळा उन्हाच्या तोंडावर गाठते. कडुलिंबाचा मोहर अंगणात बारीक भुशासारखा पडलेला असतो, बाजारात मोहाची फुले आलेली असतात, दुपारी अकरानंतर रस्ता पांढरा दिसू लागतो, आणि त्या पांढऱ्या रस्त्यावरून भोंगा लावलेली एक ऑटो कोणाला तरी विजयी करण्याचे आवाहन करत निघून जाते. पूर्वी भिंती बोलत. गेरूने आणि निळीने रंगवलेली चिन्हे गोहलपूरपासून रिछाईपर्यंत भिंतींवर असत, आणि निवडणूक संपल्यावर पावसाळ्यात ती हळूहळू एकमेकांत मिसळत. कोणाचे चिन्ह कोणते हे पुढच्या वर्षी सांगता येत नसे. आता भिंती गप्प आहेत, फोन बोलतात. पण कडुलिंबाचा तो कडवट गोड वास आला, की मला अजूनही शाईचा वास आल्यासारखे वाटते. निवडणुकीच्या शाईला वास असतो की नाही, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. त्या दिवसाबद्दल मला खात्रीने सांगता येण्यासारखे फार थोडे उरले आहे.

जिचे नाव मी अंगठ्याखाली ठेवले, ती कुसुमकाकू. आमच्या घरासमोर, गल्ली ओलांडली की तिचे दार. ती अमरावतीकडून लग्न होऊन इथे आली. तिचे यजमान वामनकाका संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर होते, आणि तिथल्या कामगार संघटनेचे कट्टर कार्यकर्ते. काकूच्या खोलीत सागवानी कपाट आहे. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला पर्च्या चिकटवलेल्या आहेत. मतदाराचे नाव आणि यादीतला क्रमांक लिहिलेली जी चिठ्ठी केंद्राबाहेरच्या टेबलावर मिळते, तिला आमच्याकडे पर्चीच म्हणतात. त्या चिठ्ठीच्या तळाशी टेबलवाल्या पक्षाचे चिन्ह छापलेले असे. काकू आत शिरण्यापूर्वी चिन्हाचा तुकडा फाडून टाकी. मग अधिकाऱ्याने बोटाला शाई लावली, की ओली असतानाच ते बोट ती पर्चीवर टेकवी, आणि घरी येऊन भाताच्या शितांनी ती पर्ची दारावर चिकटवी. पर्ची फक्त दिल्लीच्या निवडणुकीची. विधानसभेचे मतही ती न चुकता देई, पण ती चिठ्ठी ठेवत नसे. "भोपाळ तर शेजारचं घर आहे," ती म्हणे, "तिथलं येणं-जाणं कोण लिहून ठेवतं?"

आमच्या मतदारसंघाचा इतिहास मी लहानपणी त्या दारावरच वाचला. वरच्या पिवळ्या पडलेल्या पर्च्यांपाशी बोट ठेवून काका सांगत, तेव्हा इथून पुन्हापुन्हा एकच नाव निवडून यायचे, आणि निकाल ऐकायला कोणी उठूनही बसायचे नाही. मग ते वृद्ध खासदार गेले. पोटनिवडणूक झाली, सगळ्या विरोधकांनी मिळून एक तरुण पोरगा उभा केला, आणि आमच्या या आडबाजूच्या शहराचे नाव देशभर झाले. त्या वर्षीची पर्ची काका थोडा वेळ जास्त पाहत. पुढे पारडे कधी इकडे झुकले, कधी तिकडे, आणि नंतरच्या काळात एकाच बाजूला झुकून राहिले. हे सगळे चढउतार काका सांगत. दारावर मात्र त्यातले काहीच नव्हते. कोण जिंकले, कोण हरले, काकूने कोणाला मत दिले, सगळे फाडून टाकलेल्या तुकड्यांबरोबर गेलेले. दारावर फक्त एक नाव पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, आणि प्रत्येकावर एक काळा ठिपका. या इतिहासात काकूच काय ती निवडून आलेली दिसते, असे मला आज वाटते. तेव्हा असे काही वाटले नव्हते.

वरून मोजत आलो, तर मधे एका पर्चीएवढी जागा रिकामी आहे.

त्या वर्षी हिवाळ्यात काका गेले. तिलवाऱ्याला अस्थी सोडायला मीही गेलो होतो. नर्मदेच्या थंड पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहून मी मडक्याची कड धरली होती, आणि काठावर काकू एकटीच उभी होती. हे मला स्पष्ट आठवते. मग उन्हाळा आला आणि निवडणूक आली. मी बी.ए. होऊन घरी बसलेला होतो. अक्षर बरे असल्यामुळे एका पक्षाच्या टेबलावर पर्च्या लिहायला मला बसवले. आमच्या भागातले ते टेबल ज्यांच्या ताब्यात होते, त्यांना सगळे 'बड़े भैया' म्हणत. चुनाव होऊ दे, कुठेतरी नोकरीला लावून देतो, असे त्यांनी मला सांगितले होते. पुढे त्यांनी मला कुठेही लावून दिले नाही, पण त्याचा दोष मी त्यांना देत नाही. मी ते ऐकताना कसा आशेने पुढे झुकून बसलो होतो, ते मला आठवते.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी मला यादी दिली, आणि पेन्सिल. "देखो विनोद बाबू," ते म्हणाले, "घर तीन तरह के होते हैं. अपने, पराये, और लटके हुए." आपल्यांवर बरोबरची खूण, परक्यांवर फुली, लटकलेल्यांवर गोल. मी विचारले, परके पर्ची मागायला आले तर? ते हसले. "अरे, मना थोड़े करना है. बस, आराम से."

आमच्या गल्लीचे पान मीच भरले. यादी काका जाण्यापूर्वी छापलेली होती. त्यामुळे वामनकाकांचे नाव तिच्यात होते, आणि त्याच्या खाली काकूचे. काकांच्या नावासमोर मी पेन्सिलीने बारीक 'मृत' असे लिहिले. काकूच्या नावासमोर फुली केली. काकांची संघटना समोरच्या पक्षाची, म्हणून काका त्या पक्षाचे, आणि म्हणून काकूही त्यांचीच. मी याचा फार विचार केला नाही. ती फुली की गोल, असा संशय मला मधल्या काही वर्षांत येऊ लागला होता. गोल असता तर मी थोडा कमी वाईट ठरलो असतो का, असाही विचार मी करून पाहिला आहे. फुलीच होती.

टेबल कडुलिंबाखाली होते, की शाळेसमोरच्या पत्र्याच्या शेडमधे, हे मला सांगता येत नाही. दोन्ही ठिकाणी मला ते दिसते. काकूच्या अंगावर बारीक हिरव्या काठाचे पांढरे पातळ होते, आणि कधीकधी तेच पातळ माझ्या आठवणीत तपकिरी होते. ती एकटी आली होती. पूर्वी काका आणि ती जोडीने येत, काका चार पावले पुढे.

"विनू, माझी पर्ची दे रे बापू."

"बघून राहिलो, काकू."

मी पान उघडले. नाव लगेच दिसले, वर 'मृत' असे माझ्याच अक्षरात असल्यामुळे. मी अंगठा ठेवला. मागे बड़े भैया चहा पीत उभे होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते, दुसऱ्या कोणाशी तरी जबलपूरच्या पाण्याबद्दल बोलत होते. मला आजही कळत नाही, की ते पाहत नव्हते तर मी कोणासाठी ते केले.

"काहून रे, सापडून नाही राहिलं काय?"

"नाही दिसून राहिलं, काकू."

"नीट पाह्य."

मी पान उलटले आणि पुन्हा परत आणले. अंगठा त्याच जागी ठेवला. "यादीत नाही वाटतं," मी म्हणालो.

तिने हुज्जत घातली असती, तर कदाचित मी अंगठा उचलला असता. आत जाऊन स्वतः विचारते असे ती म्हणाली असती, तर तिला आत तिचे नाव मिळालेही असते. ती उन्हात थोडा वेळ उभी राहिली. "अच्छा," ती म्हणाली. "यांच्याबरोबर माझंही गेलं असेल मग." मी अंगठा तिथेच दाबून धरला. "तू म्हणतोस तर नसेलच," ती म्हणाली आणि वळली. तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाची पर्ची मी लगेच लिहिली. चांगल्या अक्षरात.

माझी चूक नेमकी कोणती, यात माझा गोंधळ होतो. मत वाया गेले ही, की नवऱ्याबरोबर आपले नाव पुसले गेले असे तिला मानू दिले ही? एका मताने त्या वर्षीच्या निकालात काही फरक पडला नसता, असे मी अनेक वर्षे स्वतःला समजावले. ते खरेही आहे, पण निकाल तिने कधी दारावर चिकटवला नव्हता.

महिन्याभराने तिने मला हाक मारून विचारले, "विनू, आता हे कायमचंच का रे? बाईमाणसाचं नाव परत नाही लागत?" त्या प्रश्नाने मी इतका घाबरलो, की म्हणालो, "मी लावून देतो." नाव नोंदवण्याचा फॉर्म आणला. तिच्या ओट्याशी बसून भरला. तिने जपून, एकेक अक्षर थांबून सही केली. तो फॉर्म मी कुठेही दिला नाही. देण्याची गरजच नव्हती, नाव यादीत होतेच. पुढच्या निवडणुकीला मी कोणत्याही टेबलावर नव्हतो, पण तिची पर्ची मीच लिहून तिच्या हातात दिली. मत देऊन ती थेट आमच्या घरी आली, बोट दाखवले, आणि बेसनाचा लाडू माझ्या तोंडात घातला. तो लाडू मला बराच वेळ गिळता आला नाही.

तेव्हापासून काकू सगळ्यांना सांगते, की गेलेले नाव विनूने परत आणले. भजनी मंडळात सांगते, गणपतीच्या आरतीला जमलेल्यांना सांगते. माझ्या लग्नात तिने माझ्या सासऱ्यांना सांगितले. "सरकारी कागदातून गेलेलं माणूस आणणं सोपं आहे का, भाऊ?" सासऱ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. मी मान खाली घातली, आणि तेही विनयात जमा झाले.

मग मला शिक्षकाची नोकरी लागली, आणि शिक्षकाला निवडणुकीची ड्यूटी चुकत नाही. गावोगावच्या शाळांत मी बसलो, बहुतेक वेळा पहिला मतदान अधिकारी म्हणून. त्याचे काम एकच. यादीत नाव शोधायचे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने वाचायचे. मी फार मोठ्याने वाचतो, अशी माझी ख्याती आहे. "मास्टर साहब, बाहर तक सुनाई दे रहा है," असे एका तरुण सहकाऱ्याने मला हसून सांगितले होते. नाव न सापडणारा कोणी आला, की मी पुरवणी यादी, घर क्रमांक, नवऱ्याचे, बापाचे नाव, सगळे उलटसुलट करून पाहतो. रांग थांबते, लोक चिडतात. यातून काही फिटते का, हे मला माहीत नाही. कदाचित हे फक्त माझे लाडू गिळणे असेल, अजून चाललेले.

यंदा ड्यूटीच्या यादीत माझे नाव निघाले नाही. काकूने पंच्याऐंशी ओलांडली आहे. अशा मतदारांच्या घरी येऊन मत घेण्याची सोय आता आहे, आणि त्यासाठी एक कर्मचारी तिच्याकडे विचारायला आला होता. काकूने त्याला चहा दिला आणि नकारही दिला. तिची नात ईशा, इथेच वाढलेली, पुण्याहून सुट्टीवर आली आहे. तिला मराठी सगळे कळते, तोंडातून मात्र हिंदी येते. तिने मला हसत सांगितले, "काका, आजी बोलीं, घर पे वोट दूँगी तो मेरा नाम कौन पुकारेगा?"

मी त्या वाक्यावर हसू शकलो नाही. मतदानाच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जाईन, असे म्हणालो.

सकाळी आठलाच ऊन लागत होते. शाळेच्या अलीकडे टेबले होती, आणि त्यांच्यापुढे फोन हातात घेतलेली मुले. सरकारी पर्ची घरी आली होतीच, तरी काकू सवयीने टेबलाशी थांबली. "माझं नाव पाह्य रे बापू," ती म्हणाली. मुलाने तिचे ओळखपत्र पाहिले, फोनवर दोनदा बोट टेकवले. "ये रहा, दादी. एक सेकंड का काम है." मी दुसरीकडे पाहिले.

आत अधिकाऱ्याने नाव वाचले. त्याचा आवाज बारीक होता. काकूने कानामागे हात धरला आणि म्हणाली, "जरा ज़ोर से, भैया." त्याने पुन्हा वाचले, या वेळी पूर्ण आणि मोठ्याने. काकूने मान हलवली, जणू कोणी तिला ओळख दिली होती. शाई लागताच तिने बोट पर्चीवर टेकवले.

"माताजी, पोंछिए मत," शाई लावणारी मुलगी म्हणाली.

"पोंछ नहीं रही बेटा, ठप्पा ले रही हूँ."

परतताना ईशाने तिचा एक हात धरला होता, मी दुसरा. ईशा म्हणाली, "आजी, किसको दिया, बताओ ना."

"ते मी तुझ्या आजोबांना नाही सांगितलं कधी."

"मतलब आप आजोबा वाली पार्टी को नहीं देती थीं?"

"एकदा दिलं," काकू म्हणाली. "तेही चुकून. ठप्पा भलतीकडे पडला." आणि ती अशी हसली, की आम्हाला रस्त्यात थांबावे लागले.

मी तिचा हात धरून उभा होतो. ज्या फुलीसाठी मी हे सगळे केले, त्या फुलीखाली काहीच नव्हते. तिच्या घरातल्या माणसालाही जे माहीत नव्हते, ते मी पेन्सिलीने लिहून ठेवले होते. याने मला बरे वाटावे की अधिक वाईट, हे मला तेव्हा समजेना, आणि आता लिहितानाही नीटसे समजत नाही.

घरी आल्यावर काकूने सकाळच्या भाताची चार शिते बोटांनी चुरडली, आणि कपाटाचे दार उघडले. पर्ची चिकटवायला आता जागा अगदी खाली उरली आहे. ईशा जमिनीवर बसून पर्ची दाबत होती. मग ती वर पाहत म्हणाली, "आजी, ये बीच में खाली क्यों है? यहाँ लगा दूँ?"

"तिथे नको," काकू म्हणाली. "ती जागा त्या सालाची आहे. तुझे आजोबा गेले तेव्हा माझंही नाव गेलं होतं यादीतून." ती पलंगावर टेकली. "त्या साली मी पहिल्यांदा मत द्यायला एकटी जाऊन राहिले होते. कोणाला द्यायचं तेही ठरवलं नव्हतं. म्हटलं, आत गेल्यावर ठरवीन. तेवढं राहिलं. मग या विनूनं आणलं हं नाव परत. हा नसता तर..." आणि तिने माझ्याकडे पाहिले, तीस वर्षे जशी पाहत आली आहे तशीच.

मला वाटले, आताही गप्प राहता येईल. पंच्याऐंशी ओलांडलेल्या बाईचा एक समाधानाचा आधार काढून घेणे हा नवा अपराध नाही कशावरून? हा माझ्या मनाचा भार तिच्या पलंगावर ठेवणे नाही कशावरून? माझ्यासमोर फक्त ती रिकामी जागा होती, आणि नाव मोठ्याने वाचण्याची सवय. मी पलंगापाशी खाली बसलो, तिला ऐकू यावे अशा आवाजात बोललो, आणि मधे थांबलो नाही.

"काकू, तुमचं नाव गेलं नव्हतं. त्या यादीत वर वामनकाकांचं होतं आणि खाली तुमचं, कुसुम, पती वामनराव, छापलेलं. मी त्यावर अंगठा ठेवला आणि नाही म्हणालो. काकांच्या पक्षाच्या म्हणून तुमच्या नावासमोर फुली मीच केली होती. तो फॉर्मही मी कुठे दिला नाही, तुमच्या सहीसकट माझ्या फाइलीत आहे. मी काही परत आणलं नाही, काकू. ही जागा माझ्यामुळे रिकामी आहे. मी तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."